हातावर आजीची तुळस: आठेक महिन्यांनंतर

ताज्या टॅटूचे फोटो सगळेच टाकतात. काळाकुळकुळीत, भोवती जरा लालसर, वर क्रीमची चकाकी. जुना झाल्यावर तो कसा दिसतो आणि लोक त्याचं काय करतात, हे फारसं कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहिते.

डिझाइन माझं नाही. आजीच्या डाव्या हातावर मनगटाच्या वर गोंदलेली तुळस आहे: खाली टिंबांचा चौथरा, मधे एक उभी रेघ, दोन्ही अंगांना तिरक्या फांद्या, शेंड्याला टिंब. तीच मला हवी होती. स्टुडिओतल्या मुलाने आधी तिला पानं आणि शेडिंग देऊन ‘फिनिश’ करायचं सुचवलं. मी नको म्हटलं. खरी अडचण पुढेच होती. आजीच्या हातावरच्या रेघा इतक्या वर्षांत पसरून एकमेकींत मिसळल्यात, त्यामुळे कुठलं टिंब कुठे होतं हे फोटो मोठा करून अंदाजानेच ठरवावं लागलं. त्या मुलाने हे काम फार चिकाटीने केलं. मशीन न लावता हाताने सुई टोचत, टिंबाटिंबाने. दोन हजार रुपये घेतले. एवढ्या लहान कामाला मशीनने कमी लागले असते.

दुखलं, पण सोसण्याइतकं. पहिल्या आठवड्यात पापुद्रे सुटतात आणि खाज अशी येते की झोपेत हात तिकडे जातो. खाजवू नका, पापुद्रे ओढू नका, पोहायला जाऊ नका. महिनाभराने रंग बसला, तेव्हा तो सुरुवातीइतका काळा राहिला नव्हता, किंचित निळसर झाला होता. शाई कातडीच्या दुसऱ्या थरात असते आणि वरच्या थरातून प्रकाश विखरून येतो, म्हणून काळी काजळीसुद्धा निळी-हिरवी दिसते. आजीचं गोंदण हिरवट का, याचं उत्तर मला असं स्वतःच्या हातावर मिळालं. ती शाई टिकते कशी, हेही मजेशीर आहे. शरीरातल्या भक्षक पेशी ती गिळून बसतात, त्या मेल्या की सुटलेली शाई नव्या पेशी गिळतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी 2018मध्ये उंदरांवर हे दाखवलं.

आता अर्थाबद्दल. मी गेले होते ती ‘आपला वारसा’ वगैरे डोक्यात घेऊन. गावी गेल्यावर मोठ्या हौसेने हात आजीपुढे केला. तिने चष्मा लावून नीट पाहिला आणि म्हणाली, “पैसं दिऊन टोचून घेतलंस? आमास्नी कुणी इचारलं हुतं का गं?” मग तिने सांगितलं. लग्नाआधी गोंदणारीण दारात आली, चुलतीने हात धरून ठेवला, ती बाई गाणं म्हणत राहिली आणि ही रडत राहिली. वर हळद लावली, दोन दिवस हात सुजला. मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं सगळ्या म्हणायच्या. तिलाही तसंच सांगितलेलं. “खरं-खोटं द्येवाला ठावं.”

या एका बोलण्याने माझी तुळस पार बदलून गेली. जी खूण मी निवडली म्हणून मिरवत होते, ती तिच्यावर लादलेली होती. टॅटू काढून टाकावा असं मात्र एकदाही वाटलं नाही. उलट आधीची भक्तिभावाची गोष्ट जरा गुळगुळीत होती, आताची मला जास्त पटते. कुणी विचारलं तर हल्ली मी चुलतीने हात धरल्याचंही सांगते.

विचारतात मात्र खूप जण. ऑफिसात ‘पाईन ट्री आहे का?’ असं विचारून झालंय. भाजीवाल्या मावशी, एसटीत शेजारी बसलेल्या बायका यांना सांगावं लागत नाही. त्या थेट स्वतःची बाही वर करतात: विंचू, कमळ, कुणाचं नवऱ्याचं नाव. कुणी हनुवटीवरचं टिंब दाखवते. एकीने माझी तुळस उलटी आहे म्हणून सुनावलं. शेंडा कोपराकडे हवा की बोटांकडे, यावर तिचं आणि तिच्या बहिणीचं भर गाडीत वाजलं. अशी ओळख गुलाबाने किंवा इन्फिनिटीच्या चिन्हाने झाली नसती, असं माझं प्रामाणिक मत आहे. आईने पहिले काही आठवडे अबोला धरला होता, पण त्यात नवीन काही नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. टॅटूनंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही. आमच्या ऑफिसच्या शिबिरातून मला परत पाठवलं. नियमित रक्त देणाऱ्यांनी तारखा बघून ठरवा. सैन्यभरतीची तयारी करणाऱ्यांनी आधी जाहिरातीतला टॅटूचा नियम वाचावा. साधारणपणे कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू चालते, आदिवासी उमेदवारांना त्यांच्या परंपरेनुसार वेगळी सवलत असते.

आणि गोंदणाचं डिझाइन घेणार असाल, तर टिंबांमधे मोकळी जागा ठेवायला सांगा. माझ्या चौथऱ्यातली दोन टिंबं आताच एकमेकांना टेकायला लागलीत. स्टुडिओवाला फुकट टचअप देतो म्हणाला होता, पण टचअपने टिंब जाड होतं, अंतर वाढत नाही. त्यामुळे मी गेलेले नाही. उन्हात जाताना सनस्क्रीन मात्र लावते.