अँकीचे पत्ते की रोजचा अग्रलेख?

भाची जीआरईची, म्हणजे परदेशी विद्यापीठांत पदव्युत्तर प्रवेशासाठी द्यायच्या परीक्षेची, तयारी करते आहे. परवा विचारत होती, "मामा, अँकीवर शब्द घोकू की रोज इंग्रजी अग्रलेख वाचू?"

अँकी म्हणजे शब्दांचे पत्ते उजळणीसाठी पुन्हा पुन्हा दाखवणारं अ‍ॅप. खर्चाचा प्रश्न किरकोळ. अँकी संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. वर्तमानपत्र वाचनालयात मिळतंच.

लक्षात ठेवण्यात अँकी सरस. आपण शिकल्याशिकल्या सगळ्यात वेगाने विसरतो, हे एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. अँकी शब्द विसरायच्या बेताला पुन्हा समोर आणतं. अग्रलेखात भेटलेला अवघड शब्द महिनाभर परत दिसेलच असं नाही. मात्र अँकी चार दिवस चुकलं की उजळणीचा ढीग साचतो, आणि तिथेच बरीच मुलं सोडून देतात.

अर्थाची जाण मात्र वाचनातूनच येते. 'सँक्शन' घ्या. आपल्याकडे कर्ज सँक्शन होतं, म्हणजे मंजूर. अग्रलेखात एखाद्या देशावर सँक्शन्स लागतात, म्हणजे निर्बंध! पत्त्यावर दोन्ही अर्थ लिहाल, पण कुठला कधी घ्यायचा हे भोवतालचं वाक्यच शिकवतं. जीआरईत गाळलेल्या जागा भरायच्या असतात, तिथे नेमकं हेच लागतं.

परीक्षा तीन महिन्यांवर असेल तर अँकी धरा. पत्त्यावर शब्दासोबत पूर्ण वाक्य लिहा. इंग्रजीत लिहिणं-बोलणं सुधारायचं असेल आणि घाई नसेल, तर अग्रलेख आणि एक वही. भाचीला मी अँकीच सांगितलं, पण वाक्यं अग्रलेखातली घ्यायला लावली.