खान्देशातली दुचाकी-लायसन सेवा: फी वाजवी, शिकवण तोकडी

जळगाव (एमएच-१९), धुळे (एमएच-१८), नंदुरबार (एमएच-३९), कुठेही राहा, दुचाकीच्या लायसनचं काम ‘सारथी’ पोर्टलवरून आणि गाडीच्या कागदांचं ‘वाहन’वरून सुरू होतं. पैशांच्या बाबतीत या सेवेला नावं ठेवता येत नाहीत. शिकाऊ लायसनला वाहनाच्या एका प्रकारासाठी १५० रुपये, परीक्षेचे ५०. पक्क्याला चाचणीचे ३००, लायसनचे २००, स्मार्ट कार्डचे २००; टपालखर्च वेगळा. याच्या कितीतरी पट रक्कम कोणी सांगत असेल तर वरचे पैसे एजंटचे आहेत, सरकारी पावतीवर ते येणार नाहीत.

२०२१ पासून आधारच्या आधारे शिकाऊ लायसन घरबसल्या मिळतं, आणि ही सोय खरोखर चांगली आहे. शहाद्याच्या किंवा रावेरच्या माणसाची जिल्ह्याची एक फेरी वाचते. काम अडतं ते बहुधा आधारमुळेच. चालू मोबाइल नंबर जोडलेला नसला तर ओटीपी येत नाही. पत्ता जुना असला तर लायसनवर तोच छापून येतो. दोन्ही गोष्टी आधी आधार केंद्रात दुरुस्त करून घ्या. चाळिशी ओलांडलेल्यांना डॉक्टरचा फॉर्म १-अ (तब्येतीचा दाखला) लागतो. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं आणि पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतरच देता येते. पेरणी-वेचणीच्या धामधुमीत मुदत निघून जाते, मग फी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून महिना भरला की लगेच चाचणीचा स्लॉट (तारीख-वेळ) धरा.

चाचणीच्या ट्रॅकवर सगळा भर इंग्रजी आठच्या आकड्यावर गाडी फिरवण्यावर. पहिला गिअर, अर्धा दाबलेला क्लच, मागचा ब्रेक हलकासा आणि नजर पुढच्या वळणावर. चाकाकडे खाली पाहिलं की तोल जातो, पाय टेकतो आणि चाचणी हातची जाते.

पण आठ काढता आला म्हणजे गाडी थांबवता येते असं नाही. या सेवेची खरी उणीव हीच. अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर रात्री समोरून केळीचा ट्रक येतो, पुढे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली असते, वळणावर वाळू सांडलेली असते. तिथे पुढचा ब्रेक किती आणि कधी दाबायचा, हे शिकाऊ परीक्षेआधीच्या सुरक्षा-व्हिडिओतून हाताला कळत नाही. आणि यासाठी पैसा नाही असंही म्हणता येत नाही. नव्या दुचाकीवर ९९ सीसीपर्यंत १०, २९९ पर्यंत ११ आणि त्यापुढे १२ टक्के एकरकमी कर लागतो. त्या करावर आणखी २ टक्के रस्ता सुरक्षा उपकर. १२५ सीसीच्या गाडीची किंमत ९०,००० धरली तर कर ९,९०० आणि उपकर १९८ रुपये. सुरक्षेच्या नावाने पैसे भरणाऱ्याला अर्ध्या दिवसाचं ब्रेकिंगचं प्रात्यक्षिक मिळायलाच हवं. ते ट्रॅकवर व्हावं, तालुक्याला भरणाऱ्या आरटीओ कॅम्पमध्येही व्हावं.

नोंदणीची फी दुचाकीला ३०० रुपये, कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर ५०० जास्त. शोरूमच्या बिलात ‘हँडलिंग’ नावाची रक्कम दिसली तर ती सरकारी नाही, काढायला सांगा. गाडीसोबत हेल्मेट देणं केंद्रीय मोटार वाहन नियम १३८ प्रमाणे बंधनकारक आहे. ते मागून घ्या आणि आयएसआय शिक्का पाहा.

सुरतहून जीजे-०५ पासिंगची जुनी गाडी आणणाऱ्यांनी जास्त जपावं. फॉर्म २८ ची एनओसी (तिथल्या आरटीओचं ना-हरकत पत्र) हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. थकलेलं चलन किंवा न उतरलेला बोजा असला की एनओसी अडकते. बोजा उतरवण्यासाठी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ विकणाऱ्याकडूनच घ्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याची सही समोर करून घ्या, गाडीच्या सांगाड्यावरचा चेसिस नंबर आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) ताडून पाहा. बारा महिन्यांपेक्षा जास्त इकडे वापरायची तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावाच लागतो आणि इथला करही भरावा लागतो. गाडी चौदा वर्षांची असेल तर किमतीत आणखी ३,००० धरा: पंधराव्या वर्षानंतर फेरनोंदणीचे १,००० आणि पर्यावरण कराचे २,०००.