घरात रेंज नाही: बूस्टर घ्यावा की अँटेनाचा राउटर?

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे हे नेहमीचंच: अंगणात दोन काड्या, टिनाखाली गेलं की रेंज गायब. मग कोणीतरी ऑनलाइन मिळणारा बूस्टर, म्हणजे बाहेरचा सिग्नल पकडून घरात मोठा करणारा डबा, सुचवतो. दुसरा मार्ग म्हणजे सिमवर चालणारा फोर-जी राउटर, त्याला बाहेर अँटेना आणि घरात वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वाय-फायवरून नेहमीचा कॉल.

बूस्टर लावला की घरात काड्या वाढतात, हे खरं. पण भारतात तो खासगी माणसाने विकत घेणं, जवळ ठेवणं, वापरणं, सगळंच बेकायदा. आधी 1933 चा वायरलेस कायदा आडवा यायचा, आता 2023 चा दूरसंचार कायदा येतो. ‘एवढ्याशा पॉवरने काय होतंय’ हे म्हणणं टिकत नाही. 900 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात फोन 890 ते 915 वर बोलतो, टॉवर 935 ते 960 वर. लांबच्या फोनचा अगदी क्षीण सिग्नलही टॉवरला पकडावा लागतो, आणि बूस्टर नेमका तिथेच गोंगाट वाढवतो. त्याच्या आतल्या-बाहेरच्या अँटेना जवळजवळ असल्या, तर लाउडस्पीकरसमोर माइक धरल्यासारखी शिट्टी सुरू होते. लावणार तुम्ही, कॉल तुटणार गावाचे.

यूट्यूबवर अमेरिकेतले लोक बिनधास्त लावताना दिसतात. तिथे नियमात बसणारा बूस्टर मोबाईल कंपनीकडे नोंदवून चालतो. तिथल्या मान्यतेचा शिक्का इथे कामाचा नाही. वावरातल्या मोटारीला रिमोट बसवतानाही हीच गफलत होते. तिकडचा खुला, म्हणजे बिनपरवाना वापरता येणारा पट्टा 902 ते 928 मेगाहर्ट्झचा, तो आपल्या मोबाईलच्या पट्ट्यावर चढतो. म्हणून रिमोटसाठी 915 चं रेडिओ मॉड्यूल नको, इथे खुलं असलेलं 865 ते 868 चं घ्या.

राउटर मात्र फोनसारखाच, साधारण 200 मिलीवॉटवर बोलतो. फरक पडतो तो अँटेनाने: उंच बांधा, तोंड टॉवरकडे करा, केबल आखूड ठेवा. लांब, बारीक केबलमध्ये मिळालेला सिग्नल वाटेतच मुरतो. जिओ आणि एअरटेलवर वाय-फाय कॉलिंग आहे. फोनमध्ये ती सोय आहे का, ते आधी बघा. लाइट गेली की राउटरही झोपतो, तेव्हा तो इन्व्हर्टरवर घ्या.

माझं मत सरळ राउटरला. फक्त आधी फोन घेऊन छपरावर चढा. तिथेही शून्य असेल तर अँटेनाचा खर्च पाण्यात. मग ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आलं आहे का, हे विचारा.