हिरवी पट्टी सरकवा, रेघ गायब! ब्रदर एचएल-एल2321डी वापरून दीड वर्ष

तहसील कचेरीसमोर आमचं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, दिवसभर सातबारा, प्रतिज्ञापत्रं, पोरांचे फॉर्म हेच चालू असतं. आधीचा लेझर प्रिंटर दुसऱ्या कंपनीचा, त्यात ड्रम (ज्यावर आधी अक्षरं उमटतात तो गोल रूळ), टोनर (काळी पावडर) आणि वेस्ट पावडरचा कप्पा सगळं एकाच कार्ट्रिजमधे. रिफिलवाला पेपर अंथरून ते खोलणार, वेस्ट झटकणार, ब्लेड पुसणार आणि तरी चार दिवसांत पानाच्या कडेला काळं यायचंच. एकदा एका आजोबांच्या वारसनोंदीच्या अर्जावर मधोमध काळा पट्टा आला, दुसरा काढून दिला पण जीवाला लागलं ते.

मग हा ब्रदरचा लेझर प्रिंटर घेतला. टोनर वेगळा, ड्रम वेगळा. कंपनीच्या हिशोबाने टोनर 2600 पानं, ड्रम 12000, म्हणजे टोनर संपला म्हणून चांगला ड्रम फेकायचा नाही. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की यात वेस्टचा डबाच नाहीये! कागदावर न गेलेली पावडर ब्लेडने खरवडून साठवत बसत नाही, ती परत टोनरकडेच ओढली जाते. जो डबाच नाही तो सांडणार कुठून?

आमच्याकडे रस्त्याची धूळ फार, ती ड्रमला चार्ज देणाऱ्या बारीक तारेवर बसली की पानावर उभी रेघ येते. तेव्हा मेकॅनिकला फोन नाही करायचा, ड्रम युनिट बाहेर काढायचं, वरची हिरवी पट्टी डावीकडे-उजवीकडे पाच-सहा वेळा सरकवायची आणि बाणाच्या खुणेवर नीट परत आणायची, ती मधेच राहिली तर अख्ख्या पानावर पट्टा येतो. 1938 साली झेरॉक्सचं तंत्र शोधणाऱ्या चेस्टर कार्लसनने गंधक लावलेली जस्ताची प्लेट रुमालाने घासून चार्ज केली होती, मला पट्टी सरकवताना दरवेळी तेच आठवतं.

स्पीड मिनिटाला 30 पानं, बॅक-टू-बॅक आपोआप, त्यामुळे कागदाची बचत चांगली. वायफाय नाही, फक्त यूएसबी, गिऱ्हाईकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेलं आधी कॉम्प्युटरवर घ्यावं लागतं. तारेच्या चार्जिंगमधे थोडा ओझोन वायू होतो, तारेऐवजी रोलरने ड्रम चार्ज करणाऱ्या मशीनमधे तो बराच कमी असतो, तेव्हा दुकान कोंदट असेल तर खिडकी उघडी ठेवाच. आणि टोनर हाताला लागला तर गार पाण्याने धुवा, गरम पाण्याने तो अजून चिकटतो.