नवा रेडिएटर म्हणून जुन्यालाच रंग फासून दिला

अण्णांची १९८७ ची प्रीमियर पद्मिनी अजून आमच्या दारात आहे. ते गेल्यावर ती विकावी असं घरात कुणाच्याच मनात आलं नाही. यंदा मार्चपासून ती तापायला लागली. विजापूर रोडवरून सात रस्त्यापर्यंत आलं की काटा लालला टेकायचा. सोलापूरचा उन्हाळा, म्हणून आधी मी उन्हालाच दोष दिला.

एका गॅरेजवाल्याने बोनेट उघडून लगेच सांगितलं, "साहेब, रेडिएटर चोक झालाय. तांब्याचा नवा कोर टाकू." कोर म्हणजे रेडिएटरमधली बारीक नळ्यांची जाळी, इंजिनाचं गरम पाणी तिच्यातून फिरून गार होतं. साडेनऊ हजार घेतले. चौथ्या दिवशी गाडी मिळाली. रेडिएटर काळा कुळकुळीत, आत हिरवं पाणी, काटा निम्म्याच्याही खाली. जुना कोर मागितला तर म्हणाला, भंगारात गेला. तिथेच हटून बसायला हवं होतं. तांबं-पितळ किलोवर विकलं जातं, आणि ते माझं होतं.

आईला घेऊन तुळजापूरला निघालो. घाटात निम्म्यावर पाणी उकळलं. आई डोक्यावर पदर घेऊन रस्त्याकडेच्या दगडावर तासभर बसली होती. तो राग अजून जात नाही.

अक्कलकोट रोडच्या एका जुन्या मिस्त्रींनी इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, मगच झाकण उघडलं. (गरम असताना कधीच उघडू नका, उकळतं पाणी तोंडावर येतं.) बॅटरीच्या उजेडात नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर दिसला. वर्षानुवर्षं घातलेल्या बोअरच्या पाण्याचा क्षार. नव्या कोरमध्ये तो कुठून येणार? मी नखाने खरवडलं तर रंगाचा पापुद्रा निघाला आणि खाली अण्णांनी करून घेतलेलं जुनं झाळण दिसलं.

मग मिस्त्रींनी थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणाऱ्या झडपेचं) घर उघडलं, तर ते रिकामं. थर्मोस्टॅट काढला की पाणी न थांबता फिरत राहतं, सपाट रस्त्यावर काटा खाली राहतो आणि गिऱ्हाईक खूश होऊन जातं. चढावर मात्र तुंबलेल्या नळ्या उघड्या पडतात. त्यांनी रेडिएटरची वरची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवली, थर्मोस्टॅट आणि झाकण नवं बसवलं, ढिला फॅनबेल्ट ताणला, मागे पडलेलं ठिणगीचं टायमिंग जुळवलं.

पद्मिनी, अँबेसेडर असणाऱ्यांनो, कोर बदलायचाच असेल तर टाकी खोलताना समोर उभे राहा आणि जुना कोर घरी आणा. इंजिन तापल्यावर बंद करून कोरवरून जपून हात फिरवा, मधेच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या तुंबल्यात. गार इंजिन झाकण काढून चालू केल्यावर पाण्यात सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) तपासून घ्या, रेडिएटरवर खर्च नंतर.

पहिल्याकडे परत गेलो तेव्हा त्याने माझ्याच हातातली चिठ्ठी दाखवली. तिच्यावर फक्त लिहिलं होतं: "रेडिएटर काम, ९५००." कोर हा शब्दच नव्हता.