एक सत्र करून सोडलेलं कॉलेज: परदेशी अर्जात गॅप, फर्स्ट इयर की ट्रान्सफर?

बारावी झाली, कॅपच्या (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीत मिळाली ती इंजिनिअरिंगची जागा घेतली, एक सत्र केलं आणि मग ठरलं की पुढच्या वर्षी बाहेर जायचं. पुण्या-नाशकात अशी मुलं शोधावी लागत नाहीत. अर्ज भरताना गाडी अडते ती एकाच रकान्यापाशी: शाळेनंतर कोणत्या कॉलेजात प्रवेश घेतला होता? इथे तीन सल्ले मिळतात. सगळं सांगून नव्याने पहिल्या वर्षाला अर्ज करा, हा पहिला. ट्रान्सफर म्हणून, म्हणजे झालेल्या शिक्षणासह एका कॉलेजातून दुसऱ्यात जाणारा म्हणून करा, हा दुसरा. तिसरा जरा हळू आवाजात दिला जातो: "ते एक सेम कोण विचारतंय? गॅप दाखवून टाकू."

तिसऱ्याचा निकाल आधी लावू, म्हणजे खरी निवड करायला मोकळे.

गॅप दाखवणं

असा सल्ला देणारा कन्सल्टंट अगदीच हवेत बोलत नसतो. कोण कुठे शिकत होतं हे अमेरिकेतल्या कॉलेजांना एकमेकांच्या नोंदींवरून तपासता येतं, पण त्या यंत्रणेत आपल्याकडची कॉलेजं नाहीत. त्यामुळे अर्जाच्या टप्प्यावर लपवलेलं सत्र बहुतेक वेळा कोणाच्याच लक्षात येत नाही. धोका तिथून पुढे सुरू होतो.

गॅप दाखवायचा म्हटलं की कोणीतरी गॅप सर्टिफिकेट मागतं. म्हणजे नोटरीसमोर शपथपत्र: या काळात मी कुठेही प्रवेश घेतलेला नव्हता. फॉर्मचा एक रकाना रिकामा सोडणं वेगळं आणि शपथेवर खोटं लिहून देणं वेगळं. दुसरा सरळ गुन्हा आहे. मग व्हिसा. अमेरिकेचा डीएस-१६० फॉर्म माध्यमिक आणि त्यावरच्या प्रत्येक शिक्षणसंस्थेचं नाव, पत्ता, अभ्यासक्रम आणि तारखा विचारतो. गेल्या ५ वर्षांत वापरलेली सोशल मीडियाची खातीही तिथे द्यावी लागतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना ती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. फ्रेशर्स पार्टीचे फोटो, कॉलेजच्या नावाचा टी-शर्ट, मित्रांनी केलेले टॅग, सगळं तिथे असतंच. कॉलेजने अपार आयडी (देशपातळीवरचा विद्यार्थी ओळख क्रमांक) आणि अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं उघडायला लावलं असेल तर त्या सत्राचे क्रेडिट तुमच्या नावावर जमा झालेले असू शकतात.

सापडल्यावरची शिक्षा देशागणिक वेगळी आहे. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून खोटी दिली असं अमेरिकी कॉन्सुलेटने ठरवलं तर माणूस कायमचा अपात्र होतो. पुढे प्रत्येक वेळी सूट मागत बसायचं. कॅनडात ५ वर्षांची बंदी, ब्रिटनमध्ये फसवणूक ठरली तर १० वर्षं, ऑस्ट्रेलियात साधारण ३ वर्षं. कॉलेजची शिक्षा निराळी. कॉमन अ‍ॅपवर (अमेरिकेतल्या अनेक कॉलेजांच्या एकाच सामाईक अर्जावर) सही करताना आपण मान्य करतो की माहिती खोटी निघाली तर प्रवेशच काय, मिळालेले क्रेडिट आणि पदवीसुद्धा रद्द होऊ शकते. त्याला मुदत नाही.

अ‍ॅडम व्हीलरचं प्रकरण या बाबतीत बोलकं आहे. बोडन कॉलेजमध्ये शिकत असताना तिथला इतिहास झाकून तो एमआयटीचा विद्यार्थी असल्याचं भासवत २००७ मध्ये हार्वर्डला ट्रान्सफर झाला. प्रवेशाच्या वेळी कोणाला काही कळलं नाही. बिंग फुटलं ते दोन वर्षांनी, त्याने ऱ्होड्स शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला तेव्हा, आणि २०१० मध्ये त्याने न्यायालयात गुन्हे कबूल केले. त्याने बनावट कागद तयार केले होते. एक सत्र झाकणाऱ्या मुलाला त्याच्या रांगेत बसवायचं नाही. पण अर्जावरची नजर प्रवेशानंतरही हटत नाही, हे दोघांनाही लागू आहे. शिष्यवृत्ती, इंटर्नशिप, पुढचा व्हिसा, नोकरीची पडताळणी, दर वेळी तीच तारीख विचारली जाते आणि दर वेळी तेच खोटं आठवून लिहावं लागतं.

सांगून फर्स्ट इयर की ट्रान्सफर?

अमेरिकेपुरता हा प्रश्न सर्वात गुंतागुंतीचा आहे, कारण फर्स्ट इयर कोणाला म्हणायचं हे प्रत्येक विद्यापीठ आपल्या मनाने ठरवतं. हार्वर्डला ट्रान्सफरसाठी किमान एक सलग शैक्षणिक वर्ष पूर्ण झालेलं लागतं. म्हणजे एकच सत्र केलेला मुलगा तिथे ट्रान्सफरमध्ये बसतच नाही. त्याने पहिल्या वर्षाचाच अर्ज करायचा आणि सत्राची नोंद द्यायची. एमआयटीची विभागणीही साधारण अशीच आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरेंचं, गणित नेमकं उलटं. शाळा संपल्यावर नियमित सत्राला कुठेही प्रवेश घेतला की तुम्ही ट्रान्सफर. आणि ट्रान्सफर ते घेतात मुख्यतः तिसऱ्या वर्षाच्या पातळीवर, त्यातही राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांना (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांना) झुकतं माप देऊन. एक सेम केलेल्याचा तिथे त्रिशंकू होतो.

गॅपचा मोह होतो तो इथेच. बर्कलीचं स्वप्न आहे आणि एका सेममुळे ते हातचं जातंय, म्हणून सेम झाकायचं. माझं मत विचाराल तर अशा वेळी यादी बदलावी. ज्या विद्यापीठांत एक सत्र केलेला विद्यार्थी पहिल्या वर्षाला चालतो अशी बरीच आहेत, आणि त्यांच्या प्रवेशाच्या पानावर हा नियम स्पष्ट लिहिलेला असतो.

पैशाच्या बाजूने पाहिलं तर पहिलं वर्ष बहुतेकदा सरस ठरतं. परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या मोठ्या शिष्यवृत्त्या बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षाच्या अर्जदारांसाठीच राखलेल्या असतात. ट्रान्सफरला मदत मिळाली तरी तुटपुंजी. ट्रान्सफरच्या बाजूने दोन गोष्टी आहेत. पहिली, झालेलं शिक्षण वाया जात नाही: गणित, भौतिकशास्त्र, प्रोग्रामिंग यांचे क्रेडिट मिळण्याची शक्यता बरी, वर्कशॉप आणि ग्राफिक्सचं सांगता येत नाही. दुसरी, बारावीचे गुण बेताचे असतील आणि कॉलेजचं पूर्ण वर्ष चांगलं गेलं असेल, तर निवड समितीसमोर कॉलेजचे गुणही येतात. म्हणून दोन सेम पूर्ण झाली असतील, निकाल चांगला असेल आणि घरून फी भरता येणार असेल तर ट्रान्सफर. एकच सेम, शिष्यवृत्तीची गरज आणि बारावी आणि सॅट (अमेरिकी प्रवेशासाठीची परीक्षा) भक्कम असेल तर सांगून पहिलं वर्ष. अधलेमधले बहुतेक जण दुसऱ्या गटाजवळ असतात.

सांगायचं म्हणजे निबंध पाडायचा नाही. कॉमन अ‍ॅपमध्ये कॉलेजांचा वेगळा रकाना आहे, तिथे नाव आणि तारखा. अतिरिक्त माहितीत चार वाक्यं: कधी प्रवेश घेतला, कधी रद्द केला, का, आणि त्यानंतर काय केलं. कॉलेजची निंदा नको, "माझं मन तिथे नव्हतं" छापाची कहाणी नको.

इतर देश: त्याच सत्राची वेगळी किंमत

जर्मनीत हे चित्र पालटतं. महाराष्ट्र बोर्डाची बारावी तिथे साधारणपणे थेट प्रवेशाला पुरत नाही. स्टुडिएनकोलेगचं, म्हणजे विद्यापीठाआधीचं तयारीचं, वर्ष करावं लागतं, किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पास असावं लागतं, किंवा भारतातल्या मान्यताप्राप्त संस्थेत त्याच विषयातलं वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलेलं असावं लागतं. अमेरिकेच्या अर्जात झाकावंसं वाटणारं वर्ष इथे प्रवेशाची किल्ली ठरतं. अट एवढीच की वर्ष पूर्ण हवं, अर्धवट सत्र नाही, आणि विषय तोच हवा. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागद खरे असल्याचं) सक्तीचं झालं आहे, त्यामुळे गुणपत्रिका तिथे तपासली जातेच. जर्मनी मनात असेल तर डिसेंबरात कॉलेज सोडू नका, मे-जूनची परीक्षा देऊनच सोडा.

ब्रिटनमध्ये यूकासवर, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामाईक अर्जावर, अपूर्ण राहिलेलं शिक्षणसुद्धा लिहायचं असतं. फर्स्ट इयर-ट्रान्सफर अशी अमेरिकी कसरत तिथे नाही. बारावीच्या गुणांवर पहिल्या वर्षाला घेतात, सोडलेल्या सत्राचं कारण फार तर विचारतात. चार देशांत सांगायला सर्वात सोपा हाच. ऑस्ट्रेलियात झालेले विषय दाखवून क्रेडिट मागता येतं, त्यामुळे सांगण्यातच फायदा. कॅनडाचा स्टडी परमिटचा फॉर्म बारावीनंतरचं शिक्षण विचारतो, आणि विद्यापीठाच्या अर्जाशी तो जुळला नाही तर ५ वर्षांचं प्रकरण आहेच.

केटी असेल तर?

इथे मात्र खरं सांगायची किंमत मोजावी लागते. पहिल्या सेमला दोन केटी असतील तर काही विद्यापीठं नाही म्हणतील, आणि ती नाही का म्हणाली हे तुम्हाला कधी कळणार नाही. तरी ते विषय सोडवून मगच कॉलेज सोडता आलं तर पाहा. एक्झाम फॉर्म न भरता सोडलेलं सत्र आणि नापास झालेलं सत्र यांतही फरक आहे. पहिल्यात गुणपत्रिकाच नसते, फक्त प्रवेशाची नोंद. ती नोंदही लिहायची.

नुसती जागा घेतली होती, गेलोच नाही

कॅपमध्ये जागा मिळाली, फी भरली आणि वर्ग सुरू व्हायच्या आधीच प्रवेश रद्द केला, तर बहुतेक विद्यापीठं ते शिक्षण धरत नाहीत. माझी कसोटी साधी आहे: विद्यापीठाचा पीआरएन (कायम नोंदणी क्रमांक) निघाला का, हजेरी लागली का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर सहसा प्रश्न नाही. एकाचंही हो असेल तर प्रवेश कार्यालयाला दोन ओळींचा ईमेल टाका आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. पुढे कोणी विचारलंच तर तेच कामाला येतं.

एमएसला जाणाऱ्यांनीही हे वाचावं. बीएससीचं एक वर्ष करून बीईला आलेले, किंवा पॉलिटेक्निक करून डायरेक्ट सेकंड इयरला बसलेले, अर्जात फक्त शेवटचं कॉलेज लिहितात. डिप्लोमावाल्यांची पदवी मग तीन वर्षांची दिसते आणि छाननी करणारा बुचकळ्यात पडतो. एमएसबीटीईच्या, म्हणजे राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाच्या, गुणपत्रिका जोडा.

कॉलेज सोडायचं पक्कं झालं असेल तर प्रवेश रद्द करण्याआधी ऑफिसातून एवढं काढून घ्या: बोनाफाइड, झालेल्या सत्राची गुणपत्रिका, विषयांचा अभ्यासक्रम शिक्क्यासह, आणि रद्द केल्याचं तारखेचं पत्र. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवू नयेत, असं यूजीसीने २०१८ मध्येच कॉलेजांना बजावलं आहे. खिडकीवर टाळाटाळ झाली तर त्याची आठवण करून द्या. ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज त्याच दिवशी टाका. विद्यापीठाला वेळ लागतो, आणि नोव्हेंबरची अर्ली डेडलाइन तोवर थांबत नाही.