गॅस की इंडक्शन: घरात दम्याचं माणूस असेल तर

शेगडी बदलावी का, हा प्रश्न बहुतेक घरांत महिन्याच्या खर्चावरून निघतो. आमच्याकडे तो आईच्या छातीवरून निघाला. तिला जुना दमा आहे, आणि ओटा सोडायला ती तयार नाही. म्हणून ही तुलना फक्त फुप्फुसांच्या बाजूनं करतो आहे. किंमत, वॉट, बटणं हे सगळं दुकानात कळेलच.

गॅसची ज्योत निळी असली की आपण ती स्वच्छ धरतो. चुलीच्या मानानं ती आहेच, यात वाद नाही. पण निळ्या ज्योतीतूनही 0.1 मायक्रॉनपेक्षा लहान असे अतिसूक्ष्म कण निघतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). बर्नरची भोकं बुजून ज्योत पिवळी झाली की त्यात काजळीची, म्हणजे कार्बनची भर पडते आणि कुकरचं बूड काळं होतं. हे कण वजनाला नगण्य, पण संख्येनं अफाट. त्यामुळे पीएम 2.5 चं, म्हणजे 2.5 मायक्रॉनपर्यंतच्या सगळ्या कणांचं, वजन सांगणाऱ्या यंत्रावर त्यांचा फारसा पत्ता लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं 2021 मध्ये यांच्यासाठी वजनाऐवजी संख्येचा अंदाज दिला: एका घनसेंटिमीटर हवेत तासाभराची सरासरी 20,000 कणांच्या वर गेली, तर ते प्रमाण जास्त समजावं. असे कण मोजायचं उपकरण माझ्याकडे नाही. माझ्याकडे आईचा खोकला आहे, आणि मी त्यावरूनच बोलतो आहे.

दम्याचा मुद्दा मी का ताणतो, तेही सांगतो. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात स्वयंसेवकांना निव्वळ कार्बनचे असे कण श्वासावाटे देऊन पाहिले गेले. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसांत, आत गेलेल्या कणांपैकी साधारण दोन-तृतीयांश आतच राहिले. व्यायाम करताना हे प्रमाण वाढलं, आणि दमा असलेल्यांत ते निरोगी माणसांपेक्षा जास्त निघालं. निरोगी लोकांच्या श्वासनलिकेत लगेच मोठी सूज दिसली नाही, हेही खरं. मात्र जास्त मात्रा दिल्यावर दुसऱ्या दिवशी फुप्फुसातून रक्तात वायू जाण्याची क्षमता थोडी उतरलेली आढळली. हे कण वायुकोशांपर्यंत पोचतात आणि तिथल्या सफाई करणाऱ्या पेशींच्या तावडीत नीट सापडत नाहीत. ज्या छातीत आधीच सूज आहे, तिथे रोज दोन वेळा ही भर नको, एवढंच माझं म्हणणं.

इंडक्शनला ज्योत नाही, त्यामुळे जळणाचे कण नाहीत आणि दम्याला त्रास देणारा नायट्रोजन डायऑक्साइडही नाही. पण फोडणीचा ठसका तोच. तेल धुरावलं, मिरची करपली, की कण दोन्हीकडे होतात. तळणीच्या दिवशी आईला इंडक्शनवरही खोकला येतो. नुसती शेगडी बदलून स्वयंपाकघराची हवा निर्मळ होईल, असं कुणी सांगितलं तर मला ते पटणार नाही.

माझा निर्णय मात्र वेगळ्याच गोष्टीवर झाला: पंखा. गॅसवर स्वयंपाक करताना पंखा बंद ठेवावा लागतो, कारण ज्योत फडफडते आणि विझण्याची भीती असते. आमची खिडकी नेमकी ओट्याला लागून आहे, त्यामुळे वारा असला की तीही लोटून घ्यायची. म्हणजे ज्या तासाला हवा खेळायला हवी, त्याच तासाला सगळं बंद. हे कण ज्योतीजवळ सर्वांत जास्त असतात. नंतर ते एकमेकांना चिकटून मोठे होतात, पसरतात, भिंतींवर बसतात. म्हणजे ते सगळ्यात जास्त कुणाच्या वाट्याला येतात? जी बाई घामाघूम होऊन शेगडीवर वाकलेली आहे, तिच्या. एप्रिल-मे महिन्यात आईला पोळ्या लाटताना पाहून मला याचा फार राग यायचा. इंडक्शन आल्यापासून खिडकी सताड उघडी असते आणि पंखा चालू असतो. तिचा संध्याकाळचा खोकला कमी झाला आहे, असं मला वाटतं. औषधाचाही वाटा असेल, नाकारत नाही.

गॅस ठेवायचाच असेल तर धूर नळीतून बाहेर सोडणारी चिमणी बसवा आणि शक्यतो मागच्या बर्नरवर शिजवा. हवा गाळून परत घरातच सोडणारी चिमणी तेलकटपणा धरते, या कणांसाठी तिचा मला भरवसा वाटत नाही.

इंडक्शनची अडचण भाकरीला येते. बिडाचा तवा त्यावर चालतो, पण मध्येच जास्त तापतो, आणि भाकरी विस्तवावर फुगते तशी फुगत नाही. वांगं भाजायचं तर ज्योतच हवी. पितळेची, ॲल्युमिनियमची साधी भांडी चालत नाहीत. बुडाला लोहचुंबक चिकटतो का, ते घरीच पाहून घ्या. विजेचा भरवसा नसेल तर गॅसची एक शेगडी असू द्या. आम्हीही ठेवली आहे, भाकरीपुरती, आणि तेवढा वेळ आई बाहेर बसते, भाकरी मी थापतो.

घरात कुणाला पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ओट्यापाशी 16 अँपिअरचा सॉकेट आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. जुन्या इमारतींत तिथे बहुधा मिक्सरपुरताच असतो.